कामकरी स्त्रिया आणि तपासनीस बाई

पुण्यास न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली, हे पुष्कळांस ठाऊक असते. त्याच १८७५ साली मुंबई सरकारने कापडगिरण्यांतील मजुरांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी पहिला कारखाना आयोग नेमला, हे मात्र फारसे कोणास आठवत नाही. पुण्यात सुशिक्षितांनी बोलावयास आरंभ केला आणि मुंबईत मजुरांविषयी इतरांनी बोलावयास आरंभ केला, असा हा योग आहे. त्या आयोगाने बहुमताने निकाल दिला की, कायद्याची काही गरज नाही. ज्यांच्याविषयी निकाल दिला त्यांत बायका व पोरे पुष्कळ होती. त्यांचे म्हणणे त्यांच्याच तोंडून, मोकळेपणी ऐकून घेण्याची रीत तेव्हा पडली नव्हती.

आम्ही काही इतिहासाचे पंडित नव्हे. आमचे शाळेतील शिक्षण लवकर आटोपले. पुढचे सारे वाचनालयाच्या बाकावर आणि लेबर कोर्टाच्या व्हरांड्यात झाले. तरीही घाटनांदूरच्या वसंत व्याख्यानांत आम्हांस बोलावयास सांगितले तेव्हा आम्ही हाच विषय घेतला. कारण हे दिवस असे असतात की, फडावरून माणसे परतलेली असतात. स्टेशनाकडच्या रस्त्याने हिंडले की पाच-सहा महिने बंद असलेली घरे उघडलेली दिसतात, आणि अंगणात बसलेल्या बायांचे हात पाहिले की ऊसतोडीचा हंगाम कसा गेला हे विचारावे लागत नाही. त्या हातांचा आणि १८७५ च्या आयोगाचा संबंध काय, हे सांगावयाचे आहे.

प्रथम कायद्याची कथा. हिंदुस्थानचा पहिला फॅक्टरी कायदा १८८१ चा. त्यात सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी झाली व बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा लागली. मोठ्या स्त्रियांविषयी त्यात काहीच नव्हते. शिवाय कारखाना कशास म्हणावे याची व्याख्या अशी केली होती की, जेथे यंत्रशक्ती आहे, शंभर माणसे आहेत आणि वर्षातून निदान चार महिने काम चालते तोच कारखाना. ह्या चार महिन्यांच्या अटीकडे वाचकांनी लक्ष द्यावे. कापसाचे जिनिंग हंगामी असते. म्हणजे ज्या जिनात बाया सर्वांत अधिक आणि कामाचे तास सर्वांत लांब, त्यातले कितीतरी जिन कायद्याच्या कुंपणाबाहेर राहिले. १८८४-८५ साली दुसरा आयोग बसला. त्याच्यापुढे खानदेशातील जिनांची हकीकत आली. पहाटे चार-पाचला सुरू झालेले काम रात्रीपर्यंत चाले, आणि गर्दीच्या दिवसांत तर रात्रंदिवस चाले. हंगाम थोडा म्हणून कायदा नको, असे म्हणणाऱ्यांना हे कळावयास हवे होते की, हंगाम थोडा असतो म्हणूनच माणसाला पिळून घेतात.

त्याच सुमारास नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी मुंबईत गिरणी कामगारांना एकत्र केले. १८८४ साली त्यांनी मजुरांच्या सभा भरवून साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारकडे धाडला. पुढे २४ एप्रिल १८९० रोजी सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली, आणि तीत दोन गिरणी कामगार स्त्रिया बोलल्या. ही गोष्ट आम्ही पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो. दहा हजार पुरुषांसमोर त्या काळी लुगडे नेसलेल्या दोन बाया उभ्या राहून रविवारची सुटी मागतात! त्याच साली १० जूनपासून मुंबईच्या गिरण्यांना आठवड्याची सुटी मिळाली, आणि १८९१ च्या कायद्याने स्त्रियांच्या कामावर अकरा तासांची मर्यादा व मध्ये दीड तासाची विश्रांती आली.

कायदा झाला, पण तो पाळला जातो की नाही हे पाहणारे कोण? कारखाना तपासनीस. हे सारे पुरुष होते, आरंभीचे बहुतेक इंग्रज होते. साहेब यावयाचा तो मॅनेजरबरोबर खात्यात हिंडावयाचा. बाईशी बोलावयाचे तर दुभाषा लागे, आणि जवळ उभा राही तो मुकादम किंवा जॉबर. अशा तपासणीत यंत्राला जाळी आहे की नाही हे दिसते. बाईला काय सोसावे लागते हे दिसत नाही.

हा पेच एकट्या आपल्याच देशाचा नव्हता. विलायतेतही १८३३ पासून तपासनीस होते, पण साठ वर्षे एकही बाई त्यांत नव्हती. कामगार स्त्रियांच्या संघटनांनी वर्षानुवर्षे मागणी केल्यावर १८९३ साली मे अब्राहम व मेरी पॅटरसन ह्या दोघी नेमल्या गेल्या. बायांच्याने हे काम कसे निभावेल, अशी शंका काढणारे तेथेही होते. त्यांना पाच वर्षांत उत्तर मिळाले. ल्यूसी डीन नावाच्या तपासनीस बाईने १८९८ च्या अहवालात अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीचा धोका नोंदविला. ज्या धुळीवर जगाने पुढे कितीतरी दशकांनी बंदीचे कायदे केले ती धूळ एका बाईने कामकरणींजवळ उभे राहून पाहिली होती. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ च्या व्हर्साय तहात कामगारांविषयीची जी तत्त्वे घातली त्यांत हेही तत्त्व आले की, प्रत्येक देशाने तपासणीची व्यवस्था करावी व तीत स्त्रियांनी भाग घ्यावा. १९४७ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने तपासणीविषयी ८१ क्रमांकाचा करार केला. त्याच्या आठव्या कलमात स्त्री व पुरुष दोघेही ह्या नेमणुकीस पात्र राहतील आणि जरूर तेथे त्यांना खास कामे वाटून द्यावीत, असे म्हटले आहे. भारताने त्या करारावर १९४९ साली मान्यतेची मोहोर उठविली.

आता पुन्हा मुंबईकडे वळू. १९२० नंतर मुंबई सरकारने गिरण्यांतील बायांच्या बाळंतपणाची स्थिती पाहण्यासाठी डॉ. बार्न्स ह्या महिला डॉक्टरची नेमणूक केली. त्या चाळींतून हिंडल्या, खोल्यांत जाऊन बसल्या. तेव्हा कळले की, गिरणीत जाणाऱ्या जवळजवळ सगळ्या आया तान्ह्या पोरास बाळागोळी, म्हणजे अफू, देऊन निजवून जात. अफू देणारी आई दुष्ट नव्हती. पाळणाघर नव्हते, आणि खाडा केला तर काम जात होते. हे सत्य चाळीत आधीपासून होते. बाई खोलीत जाऊन बसली तेव्हा ते कागदावर आले.

त्याच काळात ना. म. जोशी ह्यांनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचे बिल आणले. ते नामंजूर झाले. आमच्या मुलखाला अभिमान वाटावा अशी गोष्ट ही की, अंबाजोगाईच्या शाळेत पुढे ज्यांनी मुख्याध्यापकी केली आणि हैदराबादच्या मुक्तिलढ्याचे ज्यांनी नेतृत्व केले, त्या स्वामी रामानंद तीर्थांनी तरुणपणी ह्याच जोशींच्या हाताखाली कामगार चळवळीत उमेदवारी केली होती. बिल पडले, पण विषय मेला नाही. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात अशाच बिलावर चर्चा निघाली तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्याची बाजू मांडली. आईची विश्रांती ही राष्ट्राच्या हिताची बाब आहे आणि तिचा भार सरकारनेही उचलावा, असा त्यांचा मुद्दा होता. १९२९ साली मुंबई प्रांतात कायदा झाला. त्यात बाळंतिणीस रोज ८ आणे मिळण्याची तरतूद होती.

इथवर ऐकून कोणास वाटेल की, बाईच्या जागी बाई नेमली की सारे सुरळीत झाले. तसे नाही. गिरण्यांच्या वाइंडिंग-रीलिंग खात्यांत बायांवर देखरेख करणाऱ्या नायकिणी होत्या. त्या स्त्रियाच होत्या. काम लावून देण्यासाठी त्या दस्तुरी घेत, आणि जी देणार नाही तिला दारातून परत पाठवीत. व्हिटले साहेबांच्या रॉयल कमिशनपुढे ह्या नायकिणींविषयी पुष्कळ तक्रारी आल्या. बाई असणे म्हणजे बाईची वाली असणे नव्हे. नायकिणीला अधिकार मालकाकडून मिळत होता, म्हणून ती मालकाचे पाही. तपासनीस बाईला अधिकार कायद्याकडून मिळतो, म्हणून तिच्याकडून न्यायाची अपेक्षा धरता येते. ह्याच कमिशनने १९३१ च्या अहवालात स्त्री तपासनीस नेमण्याची शिफारस केली, ती ह्या दोहोंतला फरक ओळखूनच केली, असे आम्हांस वाटते.

दुसराही एक दोष सांगितला पाहिजे. संरक्षणाचे कायदे झाले तसतशा मुंबईच्या गिरण्यांतून बाया कमी होत गेल्या. १९२० च्या दशकात दर पाच कामगारांत सुमारे एक बाई होती. पुढे हे प्रमाण घसरतच गेले. रात्रपाळीची बंदी, बाळंतपणाचा भत्ता, पाळणाघराचा खर्च, आणि त्याबरोबर नवी यंत्रे. मालकाने हिशेब केला आणि बायांची खाती कमी केली. तेव्हा ज्या कामगार पुढाऱ्यांनी ह्या बदलाला पुरेसा विरोध केला नाही त्यांत पुरुष कामगारांच्या युनियनाही होत्या, हे आम्ही युनियनवाल्यांनी कबूल करावयास हवे. १९२८ च्या संपात उषाबाई डांगे ह्यांच्यासारख्या स्त्रिया पुढे होत्या. पण समझोत्याच्या टेबलाशी बायकांना किती जागा मिळाली हा प्रश्न वेगळा आहे. म्हणून संरक्षण म्हणजे बाईला नुसते बाजूला ठेवणे नव्हे. तिचे काम राखून तिचा जीव राखणे, हे खरे संरक्षण.

स्वतंत्र भारताचा फॅक्टरी कायदा १९४८ चा. निजामाचे राज्य गेल्यावर तो आमच्या भागातही आला. ह्या कायद्यात पुष्कळ चांगल्या गोष्टी होत्या. स्त्री-पुरुषांसाठी निराळे, आडोशाचे संडास; पन्नासांहून अधिक बाया असतील तर पाळणाघर (१९७६ साली ही संख्या तीसवर आणली); आणि कापूस दाबण्याच्या कारखान्यात जेथे कापूस फोडण्याचे यंत्र चालते तेथे बाईला किंवा मुलाला काम देऊ नये, असे कलम २७. यंत्राचे भरण्याचे तोंड निराळ्या खोलीत असेल आणि मध्ये छतापर्यंत भिंत असेल तरच भरण्याच्या बाजूला बाई चालेल. मराठवाड्यातल्या कापसाच्या धंद्यासाठीच जणू हे कलम लिहिले होते.

ह्याच धंद्यातला आमचा एक अनुभव सांगतो. आम्ही युनियनच्या कामास नुकतीच सुरुवात केली होती. जिल्ह्यातल्या एका जिनात साठ-सत्तर बाया रेच्यांवर कापूस टाकीत. त्या दिवसभर पाणी पीत नसत. सरकीची धूळ घशात बसे, तरी पीत नसत. आम्हांस कारण कळेना. एकदा तपासनीस साहेब आले. त्यांनी मुकादमादेखत विचारले, ‘बायांनो, काही तक्रार?’ सगळ्या म्हणाल्या, ‘काही नाही साहेब.’ साहेबांनी वहीत लिहिले : स्त्रियांसाठी संडास आहे. ते खोटे नव्हते. संडास होताच. साहेब गेल्यावर आम्ही एका म्हाताऱ्या बाईवर रागावलो, ‘मावशी, बोलला का नाहीत?’ ती म्हणाली, ‘आरं भाऊ, मुकादम बाजूलाच हुबा व्हता. आन् जे सांगायचं ते बाप्याला सांगायसारखं असतं का?’ मग हळूहळू उलगडा झाला. संडासाला कुलूप असे. किल्ली मुकादमाच्या कमरेला असे. किल्ली मागावयास गेले की तो चार माणसांत काय बोले, ते येथे लिहिता येत नाही. म्हणून बाया पाणीच पीत नसत.

आम्ही दोन वर्षे त्या जिनात जात होतो. मजुरीचा दर, जादा तासांचे पैसे, पावत्या, सारे मागत होतो. ह्या किल्लीची गोष्ट आमच्या कानांवर आली नव्हती. कारण आमच्या कार्यकारिणीतही एकही बाई नव्हती. साहेबांच्या वहीतला दोष आमच्याही वहीत होता.

पुढल्या हंगामात दुसऱ्या एका कामासाठी एक सरकारी अधिकारी बाई तेथे आल्या. त्यांनी खात्यात कोणास काही विचारले नाही. सरळ संडासाकडे गेल्या, कुलूप पाहिले आणि मॅनेजरला म्हणाल्या, ‘किल्ली आणा.’ किल्ली कोणाकडून येते हे त्यांनी पाहिले, आणि पाणी पिण्याच्या निमित्ताने झाडाखाली बायांत जाऊन बसल्या. मुकादमाला सांगितले, ‘तुम्ही आत जा.’ अर्ध्या तासात दोन वर्षांचे बाहेर आले. कुलूप त्याच संध्याकाळी निघाले. पण पुढच्या आठवड्यात झाडाखाली अधिक बोललेल्या दोघींना कामावर बोलावणे आले नाही. त्यांना परत घेववावयास आम्हांस सतरा दिवस जिनाच्या फाटकाशी बसावे लागले. तात्पर्य एवढेच की, तपासनीस बाई आली म्हणून युनियनचे काम संपत नाही. तेथून ते सुरू होते.

मग अशा बाया तपासणीत थोड्या का? एक कारण उघड आहे. कारखाना तपासनिसाच्या जागेसाठी बहुधा अभियांत्रिकीची पदवी मागतात, आणि त्या शिक्षणात मुली उशिरा गेल्या. महाराष्ट्राने १९९४ च्या महिला धोरणाने सरकारी नोकरीत स्त्रियांना ३० टक्के जागा राखल्या, त्याचा उपयोग निश्चित झाला. पण जागा रिकाम्याच ठेवल्या तर राखीव काय आणि खुल्या काय! आणि यंत्राची तपासणी अभियंत्याने करावी हे खरे असले, तरी माणसाच्या तपासणीला निराळे ज्ञान लागते, हे खात्यांना अजून पुरते पटलेले दिसत नाही.

आता अंगणातल्या हातांकडे येतो. बीड जिल्ह्यातून दरसाल लाखो माणसे साखर कारखान्यांच्या ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. उचल घ्यावयाची ती कोयत्यावर. मुकादमाच्या वहीत नाव बहुधा नवऱ्याचे. बाई पहाटे तीन-चारला उठते, भाकरी थापते, फडात तोडते, पाचट सोलते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन ट्रकवर चढते. पण वहीत ती नाही. जी वहीत नाही तिची तपासणी कोण करणार? साखर कारखान्याच्या फाटकाच्या आत कायदा होता. फड फाटकाबाहेर, आणि कारखाना म्हणतो की हे मजूर मुकादमाचे. १८८१ च्या कायद्यातून हंगामी जिन निसटला तसाच हा हंगामी फड निसटला आहे.

त्याचा परिणाम २०१९ साली जगापुढे आला. खाडा झाला की दंड, आडोसा नाही, पाणी नाही, कोपीत राहणे. ह्या सगळ्याला कंटाळून आणि अनेकदा भीती घातली गेल्याने बायांनी पिशवी काढून घेतली. विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे दर सहा बायांत एक. इतकी वर्षे ही गोष्ट गावोगावच्या बायांना ठाऊक होती. ती विचारण्यासाठी कोणी यावयाचे होते, इतकेच.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि जुना फॅक्टरी कायदा त्यांत विलीन झाला. संमती व सुरक्षिततेच्या अटीवर बायांना रात्री काम करण्याची मुभा मिळाली. तपासनिसाच्या नावाला साह्यकर्त्याचे नाव जोडले गेले, आणि कोणता कारखाना तपासावयाचा हे संगणकाच्या सोडतीवर सोपविण्याची व्यवस्था आली. आम्ही नव्याला नुसते नवे म्हणून नावे ठेवीत नाही. पण संगणकाला त्या जिनातले कुलूप दिसले नसते, हे आम्ही अनुभवाने सांगतो. रात्रपाळीची बाईची संमती मुकादमादेखत घेतली तर ती ‘काही नाही साहेब’ ह्याच जातीची संमती होईल.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. कोयत्यातली बाई वहीत स्वतंत्र नावाने यावी आणि तिची मजुरी तिच्या हाती पडावी. हंगामात फडावर व कोप्यांवर तपासणी व्हावी, आणि त्या तुकडीत निदान निम्म्या स्त्रिया असाव्यात. बायांचे जबाब मुकादमापासून दूर घ्यावेत, आणि जबाब देणारीचे काम जाणार नाही ह्याची जबाबदारी तपासणाऱ्यावर असावी. २०१३ च्या कायद्याने कामाच्या जागी होणाऱ्या छळाची तक्रार ऐकण्याच्या समितीवर स्त्री अध्यक्ष असावी असे ठरविले आहे. ते तत्त्व एका विषयापुरते मान्य केले, तर मजुरी, पाणी आणि बाळंतपण ह्यांच्या तपासणीला ते का लागू नये? आणि शेवटची मागणी आमच्या स्वतःकडे आहे : युनियनच्या कार्यकारिणीत बाया हव्यात. त्या जिनाच्या फाटकाशी सतरा दिवस आमच्याबरोबर बसलेली मावशी पुढे कार्यकारिणीवर आली. तिला सही येत नव्हती, अंगठा उठवी. पण तिच्या पहिल्याच बैठकीत तिने विचारलेला प्रश्न आमच्या इतिवृत्तात लिहून ठेवलेला आहे : ‘भाऊ, ह्या कचेरीत बायांनी जायचं कुठं?’

आमच्या कचेरीलाही तोवर ती सोय नव्हती. त्या उन्हाळ्यात ती केली. तिला कडी फक्त आतून आहे.